अष्टमकरांच्या गाडीतली शिट्टी

मंगळवार, २७ जानेवारी

स्नेहल म्हणाली, "तुमची जी काय कटकट असते ना, ती ह्यात लिहा. जेवताना ऐकवू नका." डायरी फुकटची आहे, बॅटरीच्या एजन्सीवाल्याने दिलेली. आणि बायकोच्या टोमण्यांचा राग येण्याचं माझं वय गेलं. लिहितो.

नाव प्रितम घरत. धंदा कार ऑडिओचा, दुकान पळस्प्याच्या अलीकडे हायवेला लागून. घरात बायको स्नेहल आणि मुलगी मिताली, चौथीत. भांडवल म्हणाल तर माझा कान. हसायचं काम नाही. पनवेलपासून उरणपर्यंत कोणालाही विचारा, गाडीचा साउंड कोणी बसवावा? बाकीचे लोक लॅपटॉप आणि माइक लावून ट्यूनिंग करतात. मी डोळे मिटून बसतो आणि सांगतो, डावा दरवाजा घोगरा आहे. आजपर्यंत चुकलेलो नाही.

परवा रविवारी कमळाकरदादाचा नवा टेम्पो ट्यून केला. दादा माझा चुलतभाऊ, हळदीला साउंडचा टेम्पो लावतो. आम्हा आगरी लोकांत लग्नाला भटजी उशिरा आला तर चालतो, हळदीचा साउंड वेळेवर लागतो. आणि तो असा हवा की छातीतलं काळीज हललं पाहिजे. मी लांब उभा राहून ट्यून करत नाही. स्पीकरच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर उभा राहतो, दुपारभर. आवाज फाटला की तो तिथेच कळतो. १९ फेब्रुवारीला दादाच्या मुलीची, वसुंधराची हळद आहे, त्या दिवशी हा टेम्पो पहिल्यांदा गावात वाजणार. सगळा गाव म्हणतोय, प्रितमने ट्यून केलाय म्हणजे पलीकडच्या गावाचा टेम्पो पळून जाईल. कानाला दडे बसलेत, पण ते दर सीझनला बसतात.

आज एक गाडी आली. मालक आयझॅक अष्टमकर, पनवेलच्या इस्राएल आळीतले मराठी ज्यू. औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये होते, आता रिटायर. गाडी जुनी, पण सीटच्या फटीत बिस्किटाचा चुरासुद्धा नाही. म्हणाले, "प्रितम, इंजिन चालू केलं की स्पीकरमधून शिट्टी येते. रेस दिली की चढते, सोडली की उतरते. गाणं ऐकतोय की दातांच्या डॉक्टरकडे बसलोय, कळत नाही."

मला हसूच आलं. हा आमच्याकडे रोजचा पेशंट. इंजिनवर फिरून वीज बनवतो त्या अल्टरनेटरची शिट्टी, वायरिंग कोणीतरी गाढवाने केलेलं असतं. काका म्हणाले, त्यांची मुलगी तोवा पुढच्या बुधवारी इस्रायलहून येतेय, तिला विमानतळावर आणायला हीच गाडी न्यायची आहे. "पण शुक्रवारी दुपारपर्यंत दे हं. शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी तारे दिसेपर्यंत मी गाडीला हात लावत नाही. आमचा शब्बाथ."

म्हटलं, काका, शुक्रवार कशाला, उद्या घेऊन जा.

बुधवार, २८ जानेवारी

गाढवपणा सापडला. ॲम्प्लिफायरची अर्थिंग रंगावरच बोल्ट मारून बसवलेली. रंग खरवडायचे कष्ट कोण घेणार! शिवाय गाण्याची वायर आणि बॅटरीची वायर एकाच पट्ट्याने एकत्र बांधून डिकीपर्यंत नेलेल्या. मग शिट्टी नाही येणार तर काय भजन येणार? रंग खरवडला, पत्रा उघडा केला, अर्थिंग पुन्हा मारली. गाण्याची वायर उचलून दुसऱ्या बाजूने नेली. काकांना बोलावलं, इंजिन चालू केलं, रेस दिली.

"गेली!" काका म्हणाले. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

मी डोळे मिटले. गेली नव्हती. बारीक होती, वर कुठेतरी, पण होती.

"काका, आहे अजून."

"अरे, नाही."

"आहे."

"मला ऐकू येत नाही तर मला काय फरक पडतो?"

"मला पडतो ना! उद्या तुम्ही चार लोकांना सांगणार, प्रितमकडून करून घेतलं."

गाडी ठेवून घेतली. काका रिक्षाने गेले. जाताना माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं. एक गोष्ट मलाही विचित्र वाटली. आधीची शिट्टी रेसबरोबर चढायची. ही चढत नाही, एका जागी उभी आहे. म्हणजे अल्टरनेटर नाही, दुसरंच काहीतरी आहे.

शुक्रवार, ३० जानेवारी

डोक्याला ताप. ॲम्प्लिफायर बदलून बघितला, दुकानातला नवा लावला. शिट्टी. म्युझिक सिस्टिम काढून दुसरी लावली. शिट्टी. वायर बदलल्या, टाकीतल्या पेट्रोल पंपाच्या मोटरचं कनेक्शन तपासलं, पुढच्या दोन्ही सीट काढल्या, कार्पेट उचललं. आमच्या धंद्यात नियम सरळ आहे. एकेक वस्तू बाजूला काढत जायचं. जी काढल्यावर आवाज थांबला, ती चोर. इथे मी अर्धी गाडी बाहेर काढली आणि चोर आतच बसलाय.

स्नेहल डबा घेऊन आली. तिला गाडीत बसवलं. "ऐक."

"काय ऐकू?"

"शिट्टी."

"अहो, काही नाहीये."

"नीट ऐक. बायकांचे कान बारीक असतात म्हणतात ना."

ती बराच वेळ बसली. मग माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली. ही हल्ली फार पुटपुटते. स्पष्ट बोलायला काय होतं कोणास ठाऊक. मितालीही तिच्यावर गेलीय, काल म्हणे मला दारातून चार हाका मारल्या. मग मोठ्याने मारायच्या!

दुपारी काका आले. गाडीच्या सीट दुकानाच्या दारात, डॅशबोर्ड उघडा, वायरी लोंबकळतायत. बिचारे, शब्बाथ लागायला किती वेळ उरलाय म्हणून ऊन बघत उभे राहिले. "प्रितम, मी तुला शिट्टी काढायला सांगितली होती, गाडी काढायला नाही."

"रविवारी सकाळी देतो. आईशप्पथ."

"तुला नक्की काय ऐकू येतं?"

त्यांचा प्रश्नच मला आवडला नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

अक्षर बिघडलंय. जमेल तसं लिहितो.

सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. गाडीतून ॲम्प्लिफायर, सिस्टिम, स्पीकर, सगळं बाहेर काढलं. एक स्पीकरसुद्धा ठेवला नाही. तरी आत बसल्यावर शिट्टी. मग बॅटरीची टर्मिनल काढली. गाडी म्हणजे नुसता पत्रा उरला. दार लावून बसलो.

शिट्टी.

बॅटरीशिवाय गाडीत काय वाजणार? मग डोक्यात आलं, कोणीतरी गाडीत काहीतरी लपवलंय. स्वतःचा सेल असलेलं, गाडी कुठे जाते ते कळवणारं यंत्र मिळतं, तसलं. दरवाजांच्या आत हात घालून बघितलं, सापडलं नाही. पण असणारच. काकांना सांगायला हवं होतं. फोन लावला तर बंद. शनिवार! तसाच बाईक काढून इस्राएल आळीत गेलो.

दार झिल्पाकाकूंनी उघडलं, काकांच्या मिसेस. "बस, बस. चहा गरम करता येणार नाही हं आज. थर्मासमधला चालेल?" काका झब्बा घालून खुर्चीत बसले होते. दोघं नुसते बसलेले. टीव्ही नाही, रेडिओ नाही, मोबाईल कपाटात. थंडीचे दिवस म्हणून पंखाही नाही. त्यांच्यात शनिवारी बटणंच दाबत नाहीत. घर इतकं शांत की काकूंच्या बांगड्या वाजल्या त्या मोठ्या वाटल्या.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ऐकू आली. तीच. त्याच पट्टीत, तशीच उभी.

मी म्हटलं, "काका, इथेपण आहे! घरात काय लावलंय तुम्ही? इन्व्हर्टर आहे का?"

"इन्व्हर्टर नाही आमच्याकडे."

"चार्जर? कुठेतरी चार्जर भिंतीत राहिलाय."

"आज शनिवार, प्रितम. काही चालू नाही. एक फ्रिज सोडून."

"मग फ्रिज!" मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रिजचं बटण बंद केलं. फ्रिजची घरघर थांबली. शिट्टी थांबली नाही. दाराच्या वर मेन स्विच होता, स्टूल घेऊन तोही खाली पाडला. काकू "अरे अरे" करत मागे आल्या. आता त्या घरात विजेचा एक कणसुद्धा चालत नव्हता. मी हॉलच्या मध्ये उभा राहिलो. ती दोघं माझ्याकडे बघतायत आणि शिट्टी वाजतेय.

"तुम्हाला ऐकू येत नाही?" मी ओरडलोच.

काका हळूच म्हणाले, "नाही रे बाबा. काहीच नाही येत."

आणि का कोण जाणे, मी दोन्ही हातांनी कान दाबले. घट्ट. बाहेरचं सगळं बंद झालं. शिट्टी मोठी झाली.

कसा खाली आलो आठवत नाही. चपला काकांच्या दारात राहिल्या. बाईक अनवाणी चालवली.

रविवार, १ फेब्रुवारी

गाडी जोडून दिली. काका चपला घेऊन आले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून. म्हणाले, "काल मेन स्विच पाडून गेलास. आम्ही तारे दिसेपर्यंत अंधारात बसलो. काकूचं दूध नासलं." वर हसले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मग त्यांनी विचारलं, "कानाच्या डॉक्टरकडे जाणार ना?"

मी म्हटलं, सर्दी झालीय. त्यांनी मान हलवली. गाडी चालू केली, गाणं लावलं, खूश होऊन गेले.

बुधवार, ४ फेब्रुवारी

कोमट तेल घातलं. वाफ घेतली. नाक दाबून फुंकलं. तीन वेळा आंघोळ करून कानात पाणी गेलं असेल म्हणून एका पायावर उड्या मारल्या. मिताली हसून हसून लोळली. शिट्टी आहेच. दिवसा हायवेच्या आवाजात दबते, घर निजलं की डोकं वर काढते.

आज स्नेहलला सांगितलं. मला वाटलं होतं ती घाबरेल. ती घाबरलीच नाही. भाजी निवडत होती, ताट बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघत बोलली. "शिट्टीचं मला माहीत नव्हतं. पण तुम्हाला कमी ऐकू येतं हे मला कधीचं माहितीये."

"कमी? मला? माझ्या कानावर दुकान चालतंय."

"टीव्ही तुम्ही किती मोठा ठेवता? खालच्या मजल्यावरच्या सुनंदाकाकू मालिका स्वतःकडे लावतच नाहीत, म्हणतात तुमच्याकडचीच ऐकू येते. कुकरच्या शिट्ट्या तुम्ही मोजता का कधी? मिताली तुमच्या मागून बोलतच नाही आता, पुढे येऊन बोलते. बघितलंय कधी?"

"तू पुटपुटतेस म्हणून."

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "मी पुटपुटत नाही हो. मी आयुष्यात कधी पुटपुटले नाही. शाळेत मी वक्तृत्वात पहिली यायचे."

एवढी वर्षं ही बाई माझ्याशी नीट बोलतेय आणि मी तिला वर पुटपुटते म्हणून झापतोय. म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, "सांगितलं होतं की. खूपदा."

सोमवार, ९ फेब्रुवारी

स्नेहलने नंबर लावला होता. कानाची तपासणी करणारी मुलगी अगदी तरुण, रेवा मॅडम. काचेच्या एका डबड्यात बसवलं. भिंतींना फोम, आपल्या बेसच्या सबवूफरच्या बॉक्सला असतो तसा. डोक्याला हेडफोन, हातात एक बटण. म्हणाली, बीप ऐकू आली की दाबायचं.

पहिल्या काही बीप आल्या, दाबलं. घुमारदार, खालच्या. मग थांबलं सगळं. मी वाट बघत बसलो. माझी शिट्टी तेवढी चालू. शेवटी काचेवर टकटक केली. "मॅडम, तुमचं मशीन बंद पडलंय."

ती आत आली. म्हणाली, "मशीन चालू आहे, सर. मी मघापासून आवाज देतेय."

मी हेडफोन कानावर आणखी घट्ट दाबला.

बाहेर आल्यावर ग्राफ दाखवला. असले ग्राफ मला कोणी शिकवायला नकोत. खाली बेस ठीक, मधला भाग ठीक, आणि वर गेलं की रेघ धाडकन खाली. गिऱ्हाइकाच्या गाडीचा असा ग्राफ निघाला असता तर मी बघताक्षणी सांगितलं असतं, बाबा रे, तुझे ट्विटर, वरचा बारीक आवाज काढणारे छोटे स्पीकर, उडाले. दोन्ही बाजूचे.

"काय काम करता?" तिने विचारलं. सांगितलं. टेम्पोसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं तेही सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. "कानात प्लग?" म्हटलं, प्लग लावून ट्यूनिंग कसं होणार? तिने समजावलं. कानाच्या पार आतले बारीक केस मोठ्या आवाजाने मरतात, पुन्हा उगवत नाहीत. जिथून आवाज यायचा बंद होतो तिथे मेंदू स्वतःच एक आवाज बनवून ठेवतो. तीच शिट्टी. दडे बसणं म्हणजे दर वेळी थोडे थोडे मेले.

मी म्हटलं, "ट्विटर बदलता येतात."

"हे नाही येत, सर. मशीन लावून जरा जास्त ऐकू येईल. शिट्टीची सवय करून घ्यावी लागेल. आणि ते टेम्पोचं काम बंद. आजपासून."

रिक्षात स्नेहल माझा हात धरून बसली होती. काहीतरी बोलत होती. मी ओठांकडे बघत राहिलो.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

कोणाला सांगायचं नाही, असं स्नेहलकडून वचन घेतलं. हे कळलं तर संपलंच. प्रितमचे कान गेले म्हटल्यावर पळस्प्याला कोण गाडी थांबवणार? पोटावर पाय येईल. आणि पोट राहू दे, माझ्याकडे दुसरं आहे काय? उंची नाही, शिक्षण नाही, नाचता येत नाही. सगळा गाव मला एकाच गोष्टीसाठी ओळखतो.

कमळाकरदादाचा फोन आला. कानाला न लावता स्पीकरवर टाकला. "प्रितम, १९ला दुपारीच ये. टेम्पो पूजेला उभा असंल. तू हात लावल्याशिवाय गाना लागणार नाय."

मी म्हटलं, येतो दादा.

स्नेहल ऐकत होती. काहीच बोलली नाही. की बोलली, मला कळलं नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आज आणखी एक दणका बसला. अष्टमकर काका तोवाला घेऊन दुकानात आले. मुलगी छान आहे, मराठी एकदम खणखणीत. काका म्हणाले, "शिट्टी गेली ती गेलीच. पण हिला गाण्यात काहीतरी टोचतंय म्हणते."

तोवा म्हणाली, "दादा, राग नका मानू. वरचा आवाज फार वाढवलाय. स, श आले की सुया टोचल्यासारखं होतं. मी बाबांना विचारलं, हे असं का ठेवलंय? तर म्हणाले, प्रितमने स्वतः कानाने लावलंय, त्याला हात लावायचा नाही."

मी सेटिंग बघितलं. वरचा आवाज पार टोकाला. मला तो बरोबर वाटला होता. गोड वाटला होता.

ते गेल्यावर हिशेब लागला. म्हणजे हे एका गाडीचं नाही. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक गाडीत, खारघर म्हणू नका, उलवे म्हणू नका, मला ऐकू येईपर्यंत मी आवाज वर नेत बसलोय. लोक माझ्या नावावर विश्वास ठेवून सुया टोचून घेतायत आणि म्हणतायत, वा! टेम्पोचंही तेच. दर सीझनला दादा म्हणायचा, औंदा आवाज लय कडक हाय. तो कडक नव्हता. माझा कान मरत होता आणि मी सगळ्या गावाकडून त्याची भरपाई घेत होतो.

हे लिहितानासुद्धा पटत नाही. पण ग्राफ खोटं बोलत नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

आज वसुंधराचं लग्न होतं. मी गेलो नाही. का ते लिहितो. कोणी विचारलं तर हेच दाखवीन.

काल दुपारी गावात गेलो. खिशात रेवा मॅडमने दिलेले प्लग होते. ते लावले तर लोकांना दिसतील म्हणून कापसाचे बोळे घातले, वर टोपी ओढली. विचार असा केला की हात लावतो, एवढी हळद निभावतो, मग दादाला सांगतो पाठ दुखते, टेम्पोवर चढवत नाही. अंगणात मांडव, दाराशी टेम्पो, हार घातलेला. बायका हळदीची परात घेऊन बसलेल्या. स्नेहल त्यांच्यात. तिने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

ऊन उतरल्यावर दादाने मला टेम्पोवर चढवलं. माइकवर ओरडला, "आमचा कान आला रे!" सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. मी मुद्दाम वरचा आवाज बराच खाली घेतला, ग्राफ आठवून, अंदाजाने. गाणं लावलं. मला ते गोधडीतून आल्यासारखं मुकं वाटत होतं. पण खाली धरण फुटावं तसा गाव नाचायला लागला. पलीकडच्या टेम्पोचा आवाज कुठल्या कुठे गेला. दादाने मला मिठी मारली. खोटं कशाला लिहू, क्षणभर मला वाटलं, झालं, जमलं, कान नसला तरी जमतंय.

मग माझं लक्ष खाली गेलं. टेम्पोच्या तोंडासमोर पोरं होती. मोठी माणसं मागे नाचतात, पुढची जागा पोरांची, हे आमच्याकडे ठरलेलं. मीही तिथेच नाचून मोठा झालो. काही स्पीकरच्या जाळीला पाठ लावून उभी होती, काही आवाजाबरोबर येणारा वारा लागतो म्हणून जाळीपुढे तोंड करत होती. सगळी हळदीने माखलेली. त्यात मिताली. जाळीला कान लावून उभी होती आणि मला हात करत होती.

मी कसा उतरलो, कसा तिच्यापाशी गेलो! खेचून मागे आणली. ती रागावली. काहीतरी बोलली, मला ऐकू येईना. तिने सवयीने माझ्या पुढे येऊन, माझं तोंड दोन्ही हातांत धरून ओरडून सांगितलं, "पप्पा, सोडा ना! शिट्टी ऐकायचीय!"

"कसली शिट्टी?"

"गाणं थांबलं की कानात वाजते ना, ती. आम्ही कोणाची जास्त वेळ वाजते ते बघतो. माझी सगळ्यात जास्त वाजते. मागच्या हळदीची माझी शाळेतपण वाजत होती."

तिला विचारलं, कधीपासून? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की पप्पांना एवढंही माहीत नाही. "कधीपासून म्हणजे? असतेच ना ती."

वर चढलो आणि मेन आवाज एकदम खाली ओढला.

अंगणात चिडीचूप. नाचणारे हात वर तसेच राहिले. लांबून पलीकडच्या गावाचा टेम्पो ऐकू यायला लागला. कोणीतरी ओरडलं, जनरेटर गेला काय? मी टोपी काढली, कानातले बोळे काढून सगळ्यांसमोर हातात धरले आणि माइक घेतला. माझा आवाज कसा होता मला माहीत नाही.

म्हटलं, "जनरेटर चालू हाय. माझे कान गेलेत. दोन्ही. डॉक्टरने सांगितलंय, परत येणार नाय. ह्याच्यासमोर उभा राहून गेलेत. तुमच्या गाड्या, हा टेम्पो, मी गेली कित्येक वर्षं बहिऱ्या कानाने लावतोय."

हळदीच्या परातीशी स्नेहल उभी राहिली होती, तोंडावर पदर धरून.

मग मी पोरांकडे वळलो. "आता गाना बंद हाय. तरी कोणाकोणाच्या कानात शिट्टी वाजते? हात वर करा."

त्यांना वाटलं खेळ आहे. मितालीने पहिला हात वर केला. मग तिच्या बाजूच्या पोरीने. मग सगळ्यांनी, एकमेकांना ढकलत, हसत, टाचा उंच करून, मला दिसावा म्हणून. एकही हात खाली नव्हता. सगळे पिवळे. मागे कोणाची तरी आई "ए बाळा" म्हणून किंचाळली आणि पुढे धावली.

कमळाकरदादा टेम्पोवर चढून माझ्या बाजूला आला होता. रागाने लाल झाला होता. त्याने कानामागे हात धरला, तोंड माझ्याजवळ आणलं आणि विचारलं, "काय बोल्लास तू त्यांना? मोठ्याने सांग, माना ऐकू नाय आला."